हिरवा डाग आणि हिरवा चुडा

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत माझ्या धाकट्या बहिणीचं, पूर्वीचं, डोहाळजेवण होतं आणि मी सकाळपासूनच धुमसत होते. तिला सातवा महिना लागलेला. कार्यक्रम आटोपला की बाळंतपण होईपर्यंत ती आमच्याकडेच राहणार, असं कधीपासून ठरलं होतं. पण तिचा नवरा सौमित्र आला तोच सांगत आला की संध्याकाळी तो तिला परत प्रभादेवीला नेणार. तिकडे लिफ्ट आहे, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे, इथे संडास गॅलरीच्या टोकाला. पूर्वीची बॅगही त्याने उघडू दिली नाही, दाराशीच ठेवायला लावली. हे सगळं इतक्या गोड आवाजात की आई लगेच विरघळली. जावई बोलला की आई विरघळते, आणि मला तिचा भयंकर राग येतो.

पूर्वी फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती आणि जो जे सांगेल त्याला मान हलवत होती. ही तीच मुलगी, जिने शाळेत असताना पाण्यावरून अख्ख्या मजल्याशी भांडण काढलं होतं.

लालबागहून कासारीण आली. तिने पूर्वीचा उजवा हात मांडीवर घेतला, हातातल्या जुन्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि हिरव्या चुड्याची पुडी सोडली. मी शेजारीच ओटीचं ताट धरून बसले होते. बांगड्या सरकल्या तशी मनगटाच्या वरची जागा उघडी पडली. तिथे पसरट डाग होता, मध्ये जांभळट आणि कडेने हिरवा. कासारणीनेही तो पाहिला. तिचा हात थबकला, मग ती साबणाचं पाणी लावू लागली.

मी विचारलं, "हे काय झालंय गं?"

पूर्वीने पदर ओढून घेतला. उत्तर आईने दिलं, की ही बाई दाबून दाबून बांगड्या चढवतेय, त्याचेच वळ. सौमित्र दारातूनच म्हणाला की मावशी, जरा हळू, नाजूक दिवस आहेत. त्या बाईने अजून एकही बांगडी चढवली नव्हती. तरी ती खाली मान घालून सगळं ऐकून घेत राहिली. माझं डोकंच फिरलं.

मी परळच्या एका प्रयोगशाळेत शेवाळ वाढवते. घरचे त्याला नूपुरचा गाळ म्हणतात. आमच्या टाकीतलाही घेऊन जा की, हा सौमित्रचा ठरलेला विनोद. त्या गाळाला उजेड पकडायला निळा रंग लागतो आणि तो रंग ते शेवाळ स्वतः तयार करतं. कशापासून, तर आपलं रक्त ज्याच्यामुळे लाल दिसतं, त्याच पदार्थापासून. हा पदार्थ कड्यासारखा गोल असतो, मधोमध लोह. शेवाळ ते कडं एका जागी उघडतं, लोह सुटतं आणि हिरवा रंग उरतो. त्यात थोडा फेरफार केला की निळा. मार लागून कातडीखाली रक्त साकळलं की आपलं शरीरही तेच कडं तसंच उघडतं. हिरवा रंग तोच. फक्त शेवाळ तिथून निळ्याकडे जातं आणि आपला डाग पिवळा पडत जातो. पण याला दिवस लागतात. आत्ता दाबलेला हात आत्ता लाल होतो, हिरवा होत नाही.

हे मी सगळ्या बायकांसमोर सांगितलं. आवाज चढला होता, चढू दिला.

"गप रव गो," आई दबक्या आवाजात म्हणाली. "पावणे इले हत."

सौमित्र हसला. नूपुरताई, तुमचं शास्त्र बाटलीत ठीक आहे, माणसं म्हणजे शेवाळ नव्हे, असं म्हणाला. दोघी-तिघी हसल्याही. मग त्याच्या आईला, मृणालिनीबाईंना वाटलं की आपणही काही बोलावं. त्या म्हणाल्या की अहो, मागच्या आठवड्यात ती बाथरूममध्ये घसरली होती ना, त्याचंच असेल.

मी त्यांना विचारलं, की मग बांगड्यांचं काय? तेव्हा का नाही बोललात, या बाईवर आळ येत होता तेव्हा? मृणालिनीबाई मुलाकडे बघू लागल्या. आता कुणी हसत नव्हतं. सौमित्रने बॅग उचलली आणि म्हणाला की चल पूर्वी, तमाशा पुरे झाला.

पूर्वी उठली नाही. तिने डाव्या दंडावरचा फुलांचा बाजूबंद सोडून मांडीवर ठेवला. त्याच्याखालचा दंड पिवळा पडला होता.

"ताई, हा पिवळा आहे," ती म्हणाली. "हा कधीचा असेल, सांग ना सगळ्यांना."

तो हिरव्याच्याही आधीचा होता, हे सांगायला मी तोंड उघडलं. पूर्वी माझ्यासाठी थांबलीही नाही. तिने हात पुढे केला आणि कासारणीला म्हणाली, "मावशी, दोन्ही हातांत भरा. सावकाश भरा, मी इथेच राहणार आहे."

आई उठली. मला वाटलं, आता ही जावयाची समजूत काढणार. ती दारापर्यंत गेली, त्याच्या हातातली बॅग काढून घेतली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.