मधाच्या रंगाची पर्स

दुकानात सगळ्याजणी तिला थोरली म्हणत, कारण काचेच्या काउंटरमागे उभं राहून सगळ्यांत आधी तिचेच पाय सुजायला लागले होते. दुकान चामड्याच्या पर्सचं आणि भलतंच नावाजलेलं. लोक पर्स कमी आणि तिच्यावरचा सोनेरी शिक्काच जास्त विकत घेत. थोरलीला शिक्क्याचं काही पडलेलं नव्हतं, निदान ती स्वतःला तसं सांगे. तिचा जीव अडकला होता मधाच्या रंगाच्या एका पर्समध्ये. रोज सकाळी ती मऊ फडक्याने पुसायची आणि दोन्ही हातांनी फळीवर ठेवायची. स्वतःच्या खांद्याला लावायची मुभा नव्हती. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर अडकवायची, आरसा धरायचा आणि एक पाऊल मागे सरायचं.

आता माणसाने मागे सरायचं तरी किती वर्षं? एका रविवारी तिने बाजारातून हुबेहूब तशीच नकली पर्स उचलली.

"हिच्यात ठेवणार काय तू?" सासूबाईंनी विचारलं. "घराची किल्ली आणि रुमाल?"

"ठेवायला नाही हो आई, धरायला घेतलीय."

अशी हौस तिला एकटीलाच होती थोडीच. बघता बघता मधाच्या रंगाची पर्स बसथांब्यावर दिसू लागली, भाजीवाल्यासमोर दिसू लागली. जुनी गिऱ्हाइकं नाकं मुरडायला लागली. एक बाई तर खरी पर्स काउंटरवर आपटून म्हणाल्या, "आमच्या ऑफिसात चहा आणून देणारीकडेही हीच आहे. माझी खरी आहे, अशी गळ्यात पाटी अडकवू का मी?" थोरली मान डोलावत राहिली. मग वरून निरोप आला की खप पार बसलाय, महिनाअखेरीस ही पर्स बंद, उरलेल्या परत पाठवा.

आपणच मारली तिला, असं थोरलीला वाटलं. मग वाटलं, मी एकटीने काय मारणार? आणि शेवटी जे खरं होतं तेच वाटलं. ती जायच्या आत एकदा, फक्त एकदा, आपल्यासाठी कोणीतरी आरसा धरावा.

स्वतःच्या दुकानात हे जमणारं नव्हतं. नकली माल वापरणारीला कंपनी त्याच दिवशी घरचा रस्ता दाखवी. म्हणून सुट्टीच्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून, बाजारातली पर्स खांद्याला लावून ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत गेली. तिथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं.

"या मॅडम," काउंटरमागची किडकिडीत मुलगी म्हणाली. तिने खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. थोरलीला आपले हात कुठे ठेवावेत तेच कळेना. मुलीची नजर क्षणभर तिच्या खांद्यावर गेली.

"रंग फार छान निवडलाय तुम्ही."

थोरलीचे कान तापले. नकली पर्स घेऊन कोणी आलंच तर अपमान करायचा नाही, फक्त रंगाचं कौतुक करायचं, हे वाक्य कंपनीने प्रत्येकीकडून घोकून घेतलं होतं. थोरलीने ते कितीतरी जणींना ऐकवलं होतं, आणि त्या बिचाऱ्या काय खूश व्हायच्या.

ती उठलीच. पण उठताना काचेवर उमटलेले आपल्या बोटांचे ठसे तिने रुमालाने पुसून टाकले. वरून खाली, एका रेषेत, कंपनीत शिकवतात तसे. मुलगी बघत राहिली.

"कुठल्या शाखेच्या हो, ताई?"

थोरलीने खांद्यावरची पर्स काढून खुर्चीच्या पायाशी लपवली. "माझी नोकरी जाईल गं."

"मी कशाला सांगतेय? माझीही अशीच, बाजारातली, घरी गादीखाली आहे. दार लावून घेते आणि आरशासमोर उभी राहते." मुलीने फळीवरून खरी पर्स काढली. "शेवटची आहे ही. बसा. आज तुम्ही मॅडम."

तिने पर्स थोरलीच्या खांद्यावर अडकवली. इतकी वर्षं हाताळलेली वस्तू, पण खांद्यावर तिचं वजन निराळंच लागत होतं. मुलगी आरसा आणायला वळली, आणि दुकानाचं दार उघडलं.

आत एक गिऱ्हाईक बाई आल्या. काय झालं ते थोरलीलाही कळलं नाही. पर्स खांद्यावरून उतरून काचेवर गेली, बाजारातली पायाने खुर्चीखाली सरकली, आणि ती हात पुढे जुळवून उभी राहिली.

"या मॅडम."

बाई सरळ तिच्याकडेच आल्या. "ही बंद होतेय म्हणे? म्हणजे आता कोणाकडे येणार नाही. दाखवा बरं."

थोरलीने दाखवली. बाईंच्या खांद्यावर पट्टा सारखा केला, मुलीने समोर आरसा धरला आणि थोरली बाईंच्या मागे एक पाऊल सरली. बाईंनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि म्हणाल्या, "बांधा."

त्या गेल्यावर मुलगी रडवेली झाली. "ताई, तुमचं आरशात बघायचं राहूनच गेलं."

"बघितलं की," थोरली म्हणाली. "त्यांच्या मागे मीच उभी होते."