पूर्वेच्या पट्ट्याचा रोग

संत्र्याच्या झाडांवर खटलाच भरायचा असेल, तर शिक्षेपूर्वी निदान पुरावा तपासावा, अशी धाकटीची माफक अपेक्षा होती. तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, ती पायरी वगळली. पूर्वेचा पट्टा मुळासकट उपटायचा, असे त्याने जाहीर केले आणि महिनाअखेरच्या सोमवारसाठी खोदाईचे मशीन सांगूनही टाकले.

आरोप असा होता. पॅकिंग हाऊसच्या तपासनीस बाईंनी लागोपाठ दुसऱ्या तोडणीचा माल परत पाठवला होता. फळांच्या सालीवर तपकिरी, किंचित खोलगट डाग होते, आणि तेही फक्त पूर्वेच्या पट्ट्यातल्या फळांवर. पश्चिमेच्या पट्ट्यातली फळे लख्ख. बागेतून निघताना सगळीच फळे सारखी दिसत. डाग दोन-तीन दिवसांनी क्रेटमध्ये उगवत. यावरून दादाने निदान केले की मुळांना रोग लागला आहे. बागेत झाडांची औषधे विकायला येणाऱ्या टॉनिकवाल्याने लगेच मान डोलावली. ज्या रोगावर आपल्याकडे बाटली आहे, तो रोग ओळखण्यात त्याचा हातखंडा होता.

"दादासाहेब, नवी रोपं लावा आणि पहिल्या दिवसापासून आमचं टॉनिक द्या. साल अशी घट्ट होते, की नख लागणार नाही!"

"मग सोलायची कशी?" धाकटीने विचारले.

"ताई फार विनोदी आहेत," टॉनिकवाला दादाकडे बघून म्हणाला.

ताईंना विनोद सुचत नव्हता. पूर्वेच्या पट्ट्यातली कलमे तिने शिकायला जाण्याआधी वडिलांच्या शेजारी बसून स्वतःच्या हातांनी बांधली होती. पुढे ती वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन परतली. घरानेही त्या पदवीचा यथोचित मान राखला: मिक्सर बंद पडला की तिला हाक मारत.

तिने आठवडाभर झाडे पाहिली, मुळे उकरली, पाने तपासली. झाडे ठणठणीत होती. मग तिने तोडणी पाहिली आणि कपाळाला हात लावला. वडिलांच्या वेळेपासून तोडणी उजाडता उजाडता सुरू होई आणि पूर्वेकडून सुरू होई. कारण फाटक पूर्वेला होते. यापलीकडे त्या प्रथेला कोणताही आधार नव्हता, म्हणूनच ती इतकी टिकली होती. पश्चिमेच्या पट्ट्यात माणसे पोहोचत तोवर ऊन वर आलेले असे.

"दादा, पहाटे फळ पाण्यानं तट्ट फुगलेलं असतं," ती जेवताना म्हणाली. "सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. जरा दाबलं की फुटतात, आणि ते तेल आजूबाजूची साल जाळतं. डाग नंतर दिसतो. दव वाळल्यावर तोडलं तर काही होत नाही."

"म्हणजे फळाला फळाचंच तेल बाधतं?"

"हो."

"उद्या म्हणशील, मला माझाच घाम बाधतो."

"तुम्हाला नाही, आम्हाला बाधतो," भाजी वाढता वाढता वहिनी म्हणाली.

बऱ्याच घासाघिशीनंतर दादाने एक सवलत दिली. एक तोडणी उलटी करायची: पहाटे पश्चिमेकडून सुरुवात, उन्हं वर आल्यावर पूर्वेकडे. "बाबांनी असं कधी केलं नव्हतं हं," त्याने बजावले. धाकटीने कात्र्या तपासल्या, तोडणाऱ्यांना नखे कापायला लावली, क्रेट काठोकाठ भरू दिले नाहीत. दोन्ही पट्ट्यांना वागणूक तंतोतंत सारखी. फरक फक्त वेळेचा. एवढा स्वच्छ प्रयोग तिला प्रयोगशाळेतही क्वचितच करता आला होता.

निकालही स्वच्छ आला. तपासनीस बाईंचा फोन आला तेव्हा सगळे ओसरीवरच होते. पूर्वेची फळे उत्तम, पश्चिमेची डागाळलेली. धाकटीने विजयी मुद्रेने दादाकडे पाहिले.

दादाचा चेहरा उतरला होता. "बघ," तो खोल आवाजात म्हणाला, "रोग पसरला."

"काय?"

"पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला. आता दोन्ही पट्टे काढावे लागणार."

"अरे, मग पूर्वेची फळं बरी कशी झाली?"

"तिथून निघाला ना तो!"

टॉनिकवाल्याने, जो योगायोगाने नेहमीच हजर असे, असा फिरता रोग आपण ऐकून आहोत असे सांगितले. मोठ्या बाटलीवर सूटही होती.

त्या क्षणी धाकटीला कळून चुकले की क्रेटच्या क्रेट पुरावा या माणसाच्या डोक्यावरून गेला आहे. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने त्याला अंथरुणातून ओढून दारापुढच्या झाडाशी नेले. त्या झाडाला दादा स्वतः पाणी घालत असे. बागेत निरोगी झाड एकच, आणि ते हे, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"दाब," ती एका दवाने ओल्या फळाकडे बोट करून म्हणाली.

"सकाळी सकाळी काय खेळ मांडलायस?"

"दाब म्हणते ना. अंगठ्यानं."

त्याने दाबले. सालीतून बारीक तुषार उडाले. वास थेट नाकात गेला. ते फळ तिने तोडून निळ्या वाडग्यात ठेवले. दुपारी, त्याच झाडाचे कोरडे फळ त्याच अंगठ्याने दाबून पांढऱ्या वाडग्यात गेले. दोन फळांच्या या प्रयोगाची तिला मनातून लाज वाटत होती. दाब मोजलेला नव्हता, नमुना हास्यास्पद होता. तिच्या प्राध्यापकांनी तिला वर्गाबाहेर काढले असते.

सोमवारी सकाळी मशीन फाटकातून आत आले. स्वयंपाकघरात दादा निळ्या वाडग्यापुढे उभा होता. फळावर तपकिरी, लंबगोल डाग उमटला होता. त्याने अंगठा त्यावर टेकवला. बरोब्बर बसला. पांढऱ्या वाडग्यातले फळ लख्ख होते.

 बाहेर मशीन घुरघुरत होते.

"अहो, ड्रायव्हर विचारतोय, कुठल्या झाडापासून सुरू करू?" वहिनी दारातून म्हणाली.

धाकटीने पांढरा वाडगा दादापुढे सरकवला.

"झाडं?" दादा दचकून म्हणाला. "झाडांचं कोण बोललं? चर खणायचाय. पूर्वेच्या बाजूला. पाण्याच्या निचऱ्यासाठी." मग बहिणीची नजर चुकवत तो पुढे म्हणाला, "आणि उद्यापासून दव वाळल्याशिवाय कुणी फळाला हात लावायचा नाही. मी कधीपासून सांगतोय, पण माझं ऐकतो कोण या घरात!"

पूर्वेच्या पट्ट्याला चराची गरज नव्हती. तिथली जमीन उताराची होती. हे सिद्ध करायला धाकटीला कागद-पेन्सिलही लागली नसती. पण चपला पायांत सरकवून ती मशीनच्या पुढे चालू लागली, आणि एकाही मुळाला धक्का लागणार नाही इतक्या लांबून, कुंपणाच्या अगदी कडेने, तिने त्या निरर्थक चरासाठी चुन्याची सरळ रेघ मारून दिली.