अँब्रोज बहिणीकडे गेल्याची बातमी

विदरकोम गावचं महिन्याचं पत्रक मॅव्हिस ट्रिमलेट बावीस वर्षं काढत होती, आणि त्यातली निदान पंधरा वर्षं तरी नोव्हेंबरचा अंक तिने नव्याने लिहिला नव्हता. गरजच काय? सफरचंदांचा मेळा, शेकोटी, गावच्या हॉलच्या बॉयलरसाठी वर्गणी गोळा करत नाताळची गाणी, आणि म्हातारा अँब्रोज टफनेल हिवाळ्यापुरता बहिणीकडे, श्रुजबरीला. मागच्या वर्षीचं पान काढायचं, तारखा बदलायच्या, झालं. गावालाही तेच वाचायचं असे. काही वेगळं छापलं की लोक बिथरायचे.

नाताळच्या आधीच्या शनिवारी दुपारी साडेतीनलाच सूर्य टेकडीमागे गेला आणि गाणारी मंडळी वर्गणीसाठी निघाली. पुढे ग्लेनिस, हातात घरांची यादी. मागे मॅव्हिस, एका हातात कंदील, दुसऱ्यात पैशांचा डबा. ओढ्यावरचं धुकं कुंपणापर्यंत चढलं होतं.

"गिरणीच्या वाटेला जायचं नाही," ग्लेनिसने यादीवर काट मारली. "तिथे एकटा अँब्रोज, आणि तो गेलाय. पाय वाचले."

"असता तरी त्याने गाणं बंद करायचेच पैसे दिले असते," दूधवाला क्लेम म्हणाला, आणि सगळे हसले.

पुढच्या फाटकाशी रुमालासाठी मॅव्हिसने खिशात हात घातला, तर सकाळच्या टपालातलं पाकीट हाताला लागलं. फोडायचं राहूनच गेलं होतं, ते आता फोडलं. नाताळचं कार्ड, अँब्रोजच्या बहिणीचं, विनीचं. इतरांनी गाणं धरलं तशी तिने ते कंदिलाजवळ नेलं.

'मॅव्हिस, ऑगस्टपासून मी वृद्धाश्रमात आहे. इथे पाहुण्याला ठेवून घेत नाहीत, त्यामुळे अँब्रोज यंदा पहिल्यांदाच हिवाळा एकट्याने काढतोय. नोव्हेंबरपासून पाच पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. रुसलाय वाटतं. जरा कान पिळ त्याचा.'

तिने ते दोनदा वाचलं.

"ग्लेनिस, अँब्रोज गेला हे तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे काय? तूच. पत्रकात."

"जाताना पाहिलंस त्याला?"

"अगं बाई, छापलंयस ना तू!"

गाणं विस्कटत थांबलं. "म्हणून तर मी दूध बंद केलं," क्लेम म्हणाला, शाबासकी मिळेल अशा चेहऱ्याने. "दारात बाटल्या थंडीने तडकल्या असत्या." पत्रक घरोघरी टाकून झाल्यावर पोस्टातल्या बाईने त्याची पत्रं दुकानात गठ्ठा बांधून ठेवली होती. कोळशाची गाडी फाट्यावरूनच वळली होती. कोणाला काही सांगावं लागलं नव्हतं, इतकं हे गाव काळजी घेणारं. फोन तर अँब्रोजने कधी घरात ठेवलाच नाही, आणि गुडघ्यापायी दोन वर्षं तो चालत वाटेच्या टोकापर्यंतही आला नव्हता.

"पण रात्री दिवा दिसायचा की त्याच्या खिडकीत," ग्लेनिस सावकाश म्हणाली. "मला वाटलं, चोरांसाठी आपोआप लागणारा ठेवलाय. म्हातारा हुशार."

"दिसायचा?"

ग्लेनिसने यादीची घडी घातली, उलगडली. "मंगळवारपासून नाही दिसला. बल्ब गेला असेल म्हटलं."

मॅव्हिस निघालीच. मागून क्लेमचे बूट वाजत होते. गिरणीच्या वाटेवर दहिवर पडलं होतं आणि त्यावर माणसाचं एकही पाऊल नव्हतं. धुराड्यातून धूर नाही. दाराला आतून कडी. क्लेमने खांदा लावला, तिसऱ्या धक्क्याला कडी निखळली.

आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. स्वयंपाकघरात टेबल होतं, खुर्ची एकही नव्हती. चुलीतल्या राखेत खुर्चीच्या पायाचं एक जळकं टोक तेवढं उरलं होतं. चुलीला पाठ लावून, सतरंजी अंगाभोवती गुंडाळून अँब्रोज जमिनीवर पडला होता. शेजारी नोव्हेंबरचं पत्रक, घड्यांवर विरलेलं.

"श्वास आहे," मॅव्हिस म्हणाली. "क्लेम, पळ."

विदरकोममध्ये मोबाइलला रेंज फक्त टेकडीवर. क्लेम पळत सुटला. मॅव्हिसने अंगातला कोट काढून म्हाताऱ्यावर घातला आणि त्याचे हात आपल्या हातांत धरून चोळायला लागली. ओढ्यातले दगड धरावेत तसे ते हात.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. तिला ओळखलं.

"मॅव्हिस," तो म्हणाला. आवाज कसला, नुसती वाफ. "मी विनीकडून परत कधी आलो?"

"तू गेलाच नव्हतास, अँब्रोज. माझं चुकलं. मी मागच्या वर्षीचं पान छापलं."

ती समजूत घालतेय असं वाटून की काय, त्याने हळूच मान हलवली.

"नाही, नाही. पत्रकात आलंय," तो म्हणाला. "गेलोच असणार. नाहीतर कोणीतरी आलं असतं ना."

त्याने पुन्हा डोळे मिटले. मॅव्हिस त्याला हाका मारत होती, हात चोळत होती. टेकडीवरून क्लेम अजून उतरला नव्हता.