एकेरी

नऊ वर्षांच्या संसारात वहिनीचा एक दात गेला, डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झाली आणि उजव्या कानात मधूनच शिट्टी वाजायला लागली. कुणी विचारलंच तर ती "सुखात आहे" म्हणायची. विचारणारेही मोठे समजूतदार. तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभे राहून विचारायचे, आणि उत्तर मिळालं की निश्चिंत मनाने घरी जायचे.

घर वर, गॅरेज खाली, मध्ये फळ्यांची तक्तपोशी. वर वाटी पडली तरी खाली कळायचं. वर माणूस पडलं, की खाली कुणीतरी एखादं इंजिन चालू करून मोठ्याने रेस करायचं.

वहिनी ही थोरल्याची बायको. धाकटा दीर वहिनी म्हणायचा, म्हणून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणायची. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पेस्ट लावून व्हॉल्व्ह तळव्यांत फिरवायचा, पुसायचा, वरून रॉकेल ओतायचं आणि एक थेंबही खाली झिरपत नाही ना, ते थांबून पाहायचं. झिरपलं नाही की ती मनातल्या मनात खूश व्हायची. तेवढंच तिचं स्वतःचं होतं.

या गॅरेजात एक शब्द जपून वापरायचा, तो म्हणजे 'सोड'. इंजिन उचलायला मामंजींनी तुळईला कप्प्या लावून दोर ओवला होता. दोराचं टोक लोखंडी खांबाला अडीच वेढे देऊन त्यांच्या हातात असायचं. साखळी आणा म्हणून मुलांनी शंभरदा सांगितलं, पण साखळीला हात लावून काही कळत नाही, दोराला कळतं, यावर म्हातारा ठाम. खालचा माणूस 'सोड' म्हणाला की मामंजी वीत-वीत दोर सैल करणार. कधीकाळी कुणीतरी गप्पांच्या नादात "सोड ना यार" म्हणालं आणि एकाची तीन बोटं गेली. तेव्हापासून छपराखाली हा शब्द फक्त दोरासाठी. एरवी 'जाऊ दे' म्हणायचं. कुणाला सोडा प्यायचा असला तर 'बुडबुड्यांची बाटली' मागवायची. नवं गिऱ्हाईक हसून बेजार व्हायचं. आणि दोरापाशी मानपान नाही. मुलानेही बापाला 'सोडा' न म्हणता 'सोड'च म्हणायचं, सुनेनेही सासऱ्याला तेच. 'सोडा' म्हणेपर्यंत अर्धं बोट जातं, असं मामंजी म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला टेम्पोचं इंजिन छातीएवढ्या उंचीवर लटकत होतं, आणि फॉर्म घेऊन एक मुलगी आली. कुठल्याशा संस्थेची पाहणी होती.

"एक ते दहा," ती म्हणाली, "तुम्ही स्वतःला किती सुखी समजता?"

मामंजींनी दोर आकड्याला अडकवला आणि मन लावून विचार केला. "उठल्यावर गुडघा दुखला नाही म्हणजे सुख. आज नाही दुखला. आठ लिहा."

जिन्यावर बसून सासूबाई पाय चोळत होत्या. "दोन्ही मुलगे एका छपराखाली आहेत. दहा! यात विचारायचं काय?"

"पहिल्या झटक्यात इंजिन चालू झालं की दहा," धाकटा म्हणाला. "नाही झालं की दोन. हे अजून लटकलंय, पाच घाला."

थोरल्याने चिंधीला हात पुसले. माणूस मोठा टापटिपीचा, हसतमुख. गिऱ्हाइकं त्याच्यावर जीव टाकायची. "नऊ," तो म्हणाला. "दहा म्हटलं की माणूस आळशी होतो. आणि हिचेही नऊच लिहा."

"नाही हो, ज्याचं त्याने सांगायचं असतं," मुलगी म्हणाली आणि पेन उघडं धरून वहिनीकडे बघत राहिली.

खरं तर वहिनी नेहमीचंच सांगणार होती. पण प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलेलं माणूस तिने नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. 

"शून्य," ती म्हणाली.

"शून्य नाहीये फॉर्मवर. एकपासून सुरू होतं."

"मग रिकामं ठेवा."

सगळे हसले. मामंजींनी दोर पुन्हा हातात घेतला. सगळ्यांत जास्त थोरला हसला. त्याने मुलीला रस्त्यापर्यंत पोचवलं, पुढच्या दुकानाचा पत्ता सांगितला, परत येऊन शटर कमरेपर्यंत खाली ओढलं आणि पुन्हा एकदा हात पुसले.

आजवर जे काही व्हायचं ते वर व्हायचं. आज त्याला जिना चढायचाही धीर नव्हता.

पहिल्या थपडेलाच वहिनी कामाच्या बाकावर आपटली. दुसऱ्या खेपेला त्याने केस धरून तिचं तोंड बाकाच्या कडेवर आदळलं. ओठ फाटला, व्हॉल्व्हची पेस्ट जखमेत गेली, नटबोल्टांचा ट्रे उलटून फरशीभर झाला.

"शून्य काय?" तो शांतपणे म्हणाला. "शून्य का? मी भरून देतो. नऊ होईपर्यंत मोज. मोठ्याने मोज." आणि ती मोजेना, तेव्हा तोच मोजू लागला. "एक." बरगडीत लाथ. "दोन." पुन्हा तिथेच. "तीन."

सासूबाई जिन्यावरून म्हणाल्या, "अरे, शटर उघडं आहे, लोक बघतील!"

चारला वहिनीच्या तोंडून रक्ताची गुळणी आली. पाच म्हणायच्या आत धाकट्याने मागून थोरल्याला मिठी घातली. नऊ वर्षं हा शहाणा मान खाली घालून पाने पुसत बसला होता. आज त्याला काय झालं कुणास ठाऊक! कदाचित आजवर मधली तक्तपोशी आड होती, आज ती नव्हती, एवढंच असेल.

"दादा, बस झालं! मरेल ती!"

थोरल्याने मागे न बघताच कोपर हाणलं. धाकट्याचं नाक फुटलं. बाकावरचा मोठा पाना उचलून त्याने धाकट्याच्या खांद्यावर घातला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज वहिनीला वाईट कानानेसुद्धा ऐकू आला. धाकटा उताणा पडला. थोरला त्याच्या छातीवर बसला आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा आवळायला लागला. त्याचे स्वतःचे पाय मागे पसरले होते, लटकत्या इंजिनाखाली.

"अरे, सख्खा भाऊ आहे तुझा!" सासूबाई किंचाळल्या. आता मात्र त्यांना लोकांची आठवण राहिली नाही.

धाकट्याच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. मग त्या हळू आपटायला लागल्या. त्याचे डोळे वहिनीकडे लागले होते आणि चेहरा जांभळा पडला होता. वहिनी गुडघ्यांवर उठली. नऊ वर्षांत नवऱ्याला तिने 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. मार खातानाही ती 'अहो, नका हो' म्हणायची.

"सोड!" ती ओरडली. "सोड!"

इंजिन खाली आलं.

ते थोरल्याच्या उजव्या पायावर आलं, गुडघ्याच्या जरा खाली. आधी नुसता धप्प आवाज झाला. मग थोरल्याने वळून स्वतःच्या पायाकडे बघितलं आणि तो जो ओरडला, त्याने रस्त्यावरची माणसं शटरखालून वाकून आत आली. मामंजी खांबाशी उभे होते. दोराचं टोक त्यांच्या पायाशी पडलं होतं.

पाय काही वाचला नाही. तिसऱ्या दिवशी हवालदार इस्पितळात जबाब घ्यायला आला.

"गॅरेजची सवय हो, साहेब," मामंजी म्हणाले. "तीस वर्षं तो शब्द ऐकतोय. शब्द ऐकला, हात हलला."

"सवय कसली!" सासूबाई उसळल्या. "नवऱ्याला कुणी बाई 'सोड' म्हणते का? 'सोडा' म्हणाली असती. ती दोरालाच म्हणाली, साहेब! माझा मुलगा हिने पांगळा केला!"

हवालदाराने वहिनीकडे बघितलं. तिच्या ओठाला पाच टाके होते. 'दोराला म्हणाले' असं तिच्या तोंडून निघालं असतं तर ती सरळ तुरुंगात गेली असती.

"नवऱ्याला म्हणाले," ती म्हणाली.

"एकेरीत?"

"हो. एकेरीत."

हवालदाराला पाय गेल्यापेक्षा याचंच जास्त नवल वाटलेलं दिसलं. तरी त्याने तसं लिहून घेतलं.

आठवड्याने मामंजींखेरीज सगळे इस्पितळात थोरल्याच्या खाटेभोवती जमले. सासूबाईंचा राग ओसरला होता, कारण त्यांनी पुढची सोय लावली होती. "झालं ते झालं. एका परीने बरंच म्हणायचं. आता तो बसून राहील. उठल्याशिवाय काही हात उचलता येत नाही. आता तरी सुखाने संसार करा."

धाकट्याचा हात गळ्यात बांधलेला, आवाज बसलेला. "वहिनी, गॅरेज आपण दोघं चालवू. व्हॉल्व्ह तू बघ. मजेत राहू सगळे."

थोरल्याच्या डोळ्यांना पाणी आलं. "तू जवळ आहेस ना," तो म्हणाला, "मग मला आणखी काय हवं?" आणि त्याने तिचं मनगट धरलं. वाकड्या करंगळीवर त्याचा अंगठा नेमका जिथे दुखतं तिथे दाबला जात होता.

तिघांचंही सुख ठरून गेलं होतं, आणि प्रत्येकाच्या सुखात तिची जागा एकच होती, या खाटेच्या कडेची.  पाणी आणते म्हणून ती बाहेर पडली.

खोलीबाहेरच्या बाकड्यावर मामंजी एकटे बसले होते, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून. ती त्यांच्या तळव्यांकडे बघतच राहिली. दोर हातांतून धावला असता तर तळहात सोलून निघाले असते. ओरखडासुद्धा नव्हता.

"सवयीने तुमचा हात वीतभरच सोडतो, मामंजी," ती म्हणाली.

मामंजींनी तळवे मिटले. मग म्हणाले, "तू त्याला म्हणालीस. मला कळलं होतं. त्याने सोडलं नाही, म्हणून मी वेढे काढले."

तिला रडू आलं नाही. तिला राग आला. "नऊ वर्षं कुठे होतात तुम्ही?"

"खाली," मामंजी म्हणाले. "खालीच होतो. सगळं ऐकू यायचं."

आतून थोरला पाण्यासाठी हाका मारत होता. मामंजी गुडघ्यावर हात टेकून उठले, भिंतीजवळचा तांब्या त्यांनी घेतला.

"तो माझा मुलगा आहे," ते म्हणाले. "त्याचं करायचं ते मी करीन. शिव्या देईल, मारेलही. मी खाईन. तू तुझ्या बहिणीकडे जा, आणि माझी तब्येत विचारायलासुद्धा येऊ नकोस."

वहिनीने पदराने तोंड पुसलं. निरोप घेताना बाई नेहमी 'येते' म्हणते, तीही जन्मभर तसंच म्हणत आली होती.

"जाते," ती म्हणाली, आणि इस्पितळाचा जिना उतरायला लागली.