योबीचा आवाज

माझ्या आवाजात गोडवा नाही हे शाळेतच ठरलं होतं. स्वागतगीताच्या वेळी बाई मला मागच्या रांगेत उभं करायच्या आणि नुसते ओठ हलवायला सांगायच्या. त्यामुळे मुंबईच्या एका कंपनीने जपानी भुतासाठी माझाच आवाज पसंत केला, तेव्हा हसावं की रागवावं हेच कळेना. विशाल मात्र पोट धरून हसला. "मृणाली, जन्मभर कुणी ओळखलं नव्हतं, शेवटी जपान्यांनी ओळखलं तुला!" विशाल माझा मामेभाऊ. रोह्याला एका कारखान्यात शिफ्टला जातो आणि सुट्टीच्या दिवशी माईक, लॅपटॉप घेऊन पेणजवळ आमच्या गावी येतो. हे डबिंगचं काम त्यानेच आणलं होतं.

मूळ गोष्ट 'शिओयोबी' नावाच्या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची. तिच्यावरून अॅनिमे निघालं आणि आता ते मराठीत यायचं होतं. त्यातली योबी समुद्रात राहते. तिला स्वतःचा आवाज नाही. पाण्याजवळ कुणी बोललं की ती तो आवाज उचलते आणि त्याच आवाजात किनाऱ्यावरच्या माणसाला हाक मारते. माणसाने ओ दिली की संपलं. तो आपल्या पायांनी पाण्यात चालत जातो. मांगाची पानं मी भर दुपारी वाचली, तरी मधेच उठून खाडीकडची खिडकी लावून आले.

आमच्या धरमतर खाडीच्या काठावर असलं काही कळायला जपानी यावं लागत नाही. माझी आई सगुणा मला लहानपणापासून बजावत आलीय, "हाकेला लगेच ओ द्याची नाय. पान्यातल्या भुतांची हाक एकच. माणूस असंल तं परत मारंल, तिसऱ्यांदा मारंल. मंग दे ओ." आमच्या दारात येणारा पोस्टमन या प्रकाराने इतका वैतागला होता की तो लांबूनच तीन हाका एकदम मारायचा.

पण गंमत दोन वर्षांपूर्वी संपली. बाबा बार्जवर कामाला होते. धक्क्याजवळ पाय घसरून पाण्यात पडले आणि सापडलेच नाहीत. त्यानंतर कधीकधी भरती चढताना खाडीच्या बांधावरून हाक यायची, "सगुणे." एकदाच. आवाज बाबांचा. मीही ऐकलाय. आईचे हात थांबायचे, ती भिंतीकडे तोंड करून रडायची, पण ओ द्यायची नाही. "आवाज त्यांचाच हाय गो," म्हणायची, "पन एकदाच मारतान." मला भीती वाटायची आणि आईचा अभिमानही वाटायचा. माझ्याच्याने ते झालं नसतं.

घरात रेकॉर्डिंग जमेना. शेजारचे कोंबडे, टमटम, कुणाकडे तरी लग्नाचा डीजे. म्हणून विशालने बांधावरचं मिठाचं कोठार शोधून काढलं. मिठागर बंद पडल्यापासून ते रिकामंच होतं. जाड मातीच्या भिंती, त्यावर आम्ही आईच्या गोधड्या टांगल्या. आत जीव गुदमरायला लागला म्हणून खाडीकडचं दार तेवढं उघडं ठेवलं.

त्या दिवशी नात्सूचा प्रसंग होता. योबी नात्सूला तिच्या बहिणीच्या आवाजात बोलावते तो. मांगात पूर्ण पान काळं आहे आणि त्यावर एकच हाक. अॅनिमेवाल्यांनी मात्र तो क्षण लांबवला होता. योबीचं तोंड तीनदा उघडत होतं. मी एकदा "नात्सू" म्हटलं तर विशाल डाफरला, "आणि उरलेल्या दोन वेळेला ती काय जांभया देते?"

"मग तीनदा हाक मारू?"

"मार की."

"अरे, भूत तीनदा हाक मारत नाही."

"तुझ्या गावचं मारत नसंल. हे परदेशी हाय."

मी हसले आणि मारल्या तीन हाका. योबीच्या ओठांवर बसल्या नाहीत. पुन्हा मारल्या. विशालला प्रत्येक वेळी काहीतरी खुपायचं: तिसरी हाक अजून कळवळून हवी, रडवेली हवी, आपलं माणूस बोलावतंय असं वाटलं पाहिजे. दुपारभर मी उघड्या दारातून खाडीकडे तोंड करून तीन-तीन हाका मारत होते. घसा बसला. पाणी चढत चढत दाराच्या पायरीला लागलं.

शेवटच्या वेळी माझ्या तीन हाका झाल्या आणि मी तोंड मिटलं. हेडफोनमध्ये चौथी आली. घसा बसलेली, रडवेली, हुबेहूब माझी.

"घुमतंय," विशाल म्हणाला. पण गोधड्यांच्या खोलीत आवाज घुमत नाही, हे मला त्यानेच शिकवलं होतं. त्याने भराभरा वायरी गुंडाळल्या आणि चहालासुद्धा न थांबता गाडीला किक मारली.

चार-पाच दिवस काही झालं नाही. मीही मनाची समजूत घातली. मग एका संध्याकाळी, ऊन अजून अंगणात असताना, मी आत बसून पुढच्या भागाचे संवाद ऐकत होते. आई बाहेर बोंबील निवडत होती. हेडफोनमध्ये मधेच माझा आवाज आला, "आये." मला वाटलं रेकॉर्डिंग. मी ते थांबवलं. पुन्हा आला, "आये." संवादात असा शब्दच नव्हता. मी हेडफोन काढून फेकला. तिसरी हाक उघड्या कानांनी ऐकली. बांधावरून येत होती, कळवळून, अगदी विशालला हवी होती तशी.

"आले गो!" अंगणातून आई म्हणाली.

नवऱ्याच्या आवाजाला दोन वर्षं पाठ दाखवलेली बाई, पण पोटच्या पोरीने तीनदा बोलावल्यावर कुठली आई बसून राहील? मी अनवाणी धावले. ती बांधावर पोचली होती, हाताला बोंबलाचा चिकटा तसाच, पदर खोचलेला.

"आये!" मी जीव तोडून ओरडले.

ती थांबली. पण तिने वळून पाहिलं नाही, उलट भराभरा चालायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्या मागून एकच हाक आली होती.

मला धाप लागली होती. दुसरी हाक अर्धीच निघाली. तिसरीला मी छाती फुटेस्तोवर ओरडले आणि त्याच क्षणी कोठाराच्या दारातून तीच हाक आली, त्याच आवाजात. दोन्ही एकात एक मिसळल्या. आई चिखलात उतरली. पाणी तिच्या गुडघ्यांना लागलं तेव्हा कुठे मी तिचा दंड धरला.

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या आईने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"सोड मना," ती दात चावून म्हणाली. "माझी पोर तिकडं हाय."

"आये, मी हाय गो! मीच मृणाली!"

"तिनं तीनदा हाक मारली. तू मागून एकदाच मारलीस."

मी तिला ओढत घरी आणलं. ती नखांनी ओरबाडत होती, बाबांच्या नावाने आक्रोश करत होती.

विशालला फोन केला. रडत रडत सगळं सांगितलं, त्या तीन हाका काढून टाक म्हणाले. मग त्याने चाचरत विचारलं, "मृणाली, तूच बोलतेस ना?" मी त्याला इरसाल शिवी हासडली. नेहमी तो हसतो. या वेळी त्याने फोन ठेवला.

याला आज तिसरा दिवस. मी रांधलेलं आई खात नाही. मी समोर गेले की मुठीत खडेमीठ धरून बसते. मी तिला तीनदा हाक मारते, दहादा मारते. लहानपणी मला ताप आला तेव्हा ती कुठलं गाणं म्हणायची तेही म्हणून दाखवलं. ती कान झाकून घेते.

भरती आली की मी दाराला आतून कुलूप घालते आणि किल्ली कमरेला खोचते. बाहेर माझा आवाज रडतो, तीनदा. मग आई सरपटत दाराशी जाते, फटीला तोंड लावते आणि मला लहानपणी समजवायची तशा मायेने हळूच म्हणते, "भिऊ नको गो बाय. ही घरात शिरलेली जरा झोपू दे, मंग येतेच मी तुझ्याकडं."

आणि मला आता झोप आवरत नाही.