खडूने आखलेलं घर

पुलाच्या अलीकडे शहर आणि पलीकडे उपनगर. अलीकडे जागा इतकी महाग की तिथली मांजरंसुद्धा शेपटी उभी धरून चालत. आडवी धरली तर शेजाऱ्याच्या हद्दीत जायची. पलीकडे मात्र माणसाला अंगण परवडे, अंगणात तुतीचं झाड परवडे आणि झाडाखाली पाय पसरून बसणंही परवडे. तरी अलीकडचे लोक पलीकडच्यांकडे असे बघत, जणू पूल ओलांडला की माणसाची अक्कल गळून नदीत पडते.

त्या शहरात एक सभ्य रीत पडली होती. हुंडा कोणी मागत नसे. छे, छे! शिकलीसवरलेली माणसं! फक्त मुलीच्या बापाने लग्नाआधी पुलाअलीकडे एक घर घ्यायचं, ते मुलाच्या नावावर करायचं आणि त्याला ‘मुलीच्या सुखाची सोय’ म्हणायचं. मांजर निदान लाजेने डोळे मिटून दूध पितं. ही मंडळी चष्मा पुसून पीत.

एका रविवारी अशीच मंडळी पूल ओलांडून खांबकाकांकडे आली. खांबकाका हे नाव वस्तीने ठेवलेलं, कारण हा गृहस्थ दारातून वाकल्याशिवाय कधी आत आला नव्हता. शहरातल्या उंच इमारतींना खिडक्यांच्या काचा बसवण्यात त्याचा जन्म गेला. सगळ्या शहराला त्याने बाहेरून आत डोकावून पाहिलेलं, आत मात्र कुणी बोलावलं नव्हतं. त्याची एकुलती एक लेक शिवणाच्या कारखान्यात कपडे बेतायची. तिचं लग्न नुकतंच ठरलं होतं.

पाहुण्यांत पुढे होता मुलाचा बाप. त्याला सगळे पिनकोड म्हणत, कारण तो माणसाला नावाआधी पिनकोड विचारी. शेजारी त्याची बायको. मागे नवरा मुलगा, इस्त्री. ह्याच्या कपड्यांना कडक घडी होती, कण्याला नव्हती.

पिनकोडने अंगण पाहिलं, झाड पाहिलं आणि नाक मुरडून म्हणाला, “घर छान आहे हो. पण ह्याला पत्ता नाही.”

“पत्ता नाही कसा?” लेकीची आई म्हणाली. “तुम्ही आलात ना त्याच पत्त्यावर?”

“तसा नव्हे, वहिनी. चारचौघांत सांगण्यासारखा पत्ता.”

हे बोलणाऱ्याचं स्वतःचं घर एवढंसं, की घरातले शिंकायचेसुद्धा पाळीपाळीने. पण पत्ता खणखणीत!

“हे विका,” पिनकोड चहा भुरकत म्हणाला, “आणि अलीकडे छोटंसं घ्या. मुलांसाठीच हो. आम्हाला काय, आम्ही पिकली पानं.”

“आणि आम्ही कुठे जायचं?” आईने विचारलं.

“पुढे, शेवटच्या स्टॉपच्याही पुढे, भाड्याने स्वस्तात मिळतात म्हणे. हवाही चांगली. ह्या वयात अजून काय खायचं असतं? हवाच!” आणि तो स्वतःच्या विनोदावर पोटभर हसला.

पाहुणे गेल्यावर लेक भडकली. “बाबा, आपलं घर विकायचं नाही.”

“गप गं. ठरलेलं मोडलं तर लोक तुलाच नावं ठेवतील.” खांबकाका नखांतली काचांची पुट्टी उकरत राहिले. “आणि झाडाचं काय, झाड कुठेही लावता येतं.”

“तुतीला फळ धरेपर्यंत तुम्ही थांबणार आहात का?” आई म्हणाली. घराला गिऱ्हाईक तयारच होतं; त्याला संध्याकाळपर्यंत शब्द द्यायचा ठरला.

दुपारी सगळे अलीकडचं घर बघायला गेले. दलालाने दार उघडलं. “हा हॉल,” तो म्हणाला, आणि हॉल दिसावा म्हणून सगळ्यांना भिंतीला चिकटून उभं केलं.

“बेडरूम?”

“हीच. रात्र झाली की होते.”

आता शहरात अजून एक पद्धत होती. घर घेण्याआधी सामान मावतं का ते बघायला फरशीवर खडूने आखणी करायची. इस्त्रीच्या आईने हात पुढे केला. “खडू आहे का गं?” बेतणारीच्या पर्समध्ये खडू नसेल तर कुणाच्या असणार? तिने दिला.

बाई फतकल मारून बसली आणि आखू लागली. “हा सोफा. हा टीव्ही. इथे फ्रीज. आणि ही ह्यांची आरामखुर्ची.”

“म्हणजे तुम्हीसुद्धा इथेच?” लेकीच्या आईने विचारलं.

“मग! आमचं घर देऊ भाड्याने. पोरांना एकटं का टाकायचं?”

लेक उरलेल्या फरशीकडे बघत होती. “आणि माझे आई-बाबा आले की झोपतील कुठे?”

पिनकोडने जरा विचार केला. मनापासून केला हो, खोटं कशाला बोला! मग म्हणाला, “येतील की. दिवसा.”

लेकीने बाईच्या हातातून खडू काढून घेतला. “बाबा, आडवे व्हा.”

“अगं, इथे? काहीतरीच काय?”

“व्हा म्हणते ना.”

खांबकाका सोफा आणि आरामखुर्ची यांच्या मधे आडवे झाले. डोकं भिंतीला टेकलं आणि पावलं उंबऱ्याबाहेर जिन्यावर गेली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा एक गृहस्थ आला आणि ती पावलं ओलांडून, ‘माफ करा’सुद्धा न म्हणता, खाली निघून गेला. अलीकडच्या पत्त्याचा माणूस!

लेक बापाभोवती खडू फिरवत गेली. रोजच्या सवयीने, एकाही ठिकाणी हात न उचलता. “आता उठा.”

खांबकाका उठले आणि खाली बघत राहिले. अपघातानंतर पोलीस रस्त्यावर आखतात, तसा आकार. लेकीच्या आईने तोंडावर पदर धरला.

“ह्या घरात माझे बाबा मावत नाहीत,” लेक म्हणाली. मग इस्त्रीकडे वळली. “तुझं काय म्हणणं आहे?”

इस्त्रीने आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे, मग फरशीकडे. “हा खडू पुसला जातो ना?” त्याने विचारलं.

लेकीने खडू त्याच्या कडक खिशात घातला. “ठेव. पुढच्या मुलीचा बाप आखायला लागेल.”

पिनकोड ओरडला, “असं स्थळ पुलापलीकडे मिळणार नाही!”

“तेवढ्यासाठी तर पूल ओलांडून परत चाललोय,” खांबकाका म्हणाले, आणि त्या दारातून, आयुष्यात पहिल्यांदाच, न वाकता बाहेर पडायला गेले. कपाळ आपटलं. टेंगूळ चोळत, हसतच त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला. “घर विकायचं नाही. राहायचंय.”

ते अलीकडचं घर पुढे दुसऱ्या एका बापाने घेतलं. फरशीवरचा आकार पुसायला पाणी झालं, साबण झाला, ॲसिडही झालं. जाईना. शेवटी वर गालिचा टाकला.

अलीकडे पुष्कळ घरांत सुरेख गालिचे असतात. तुमचं घर लग्नात आलेलं असेल, तर पाहुणे गेल्यावर एकदा कोपरा उचलून बघा.