मला देव केलंत, मावशीला चोर

मित्रांनो, मी धुण्याचा एक जुना दगड आहे. लाँड्रीच्या मागच्या अंगणात, नळाखाली माझा जन्म गेला. खाणीतून आलो तेव्हा चांगलाच खडबडीत होतो. धुणेवाल्या मावशीने वीस वर्षं चादरी आपटून मला गुळगुळीत केलं. रोज संध्याकाळी ती मला काथ्याने घासून काढायची आणि म्हणायची, "दगडा, तू तरी माझं ऐकतोस. घरी सगळे बहिरे." त्या दिवसांत मी सुखी होतो.

मग एकदा भरतकाम केलेला एक पडदा हरवला. मावशी इस्त्रीवाल्यावर उखडली. "खरा असशील तर या दगडावर हात ठेवून सांग!" गडी पुढे आला, साबणाच्या फेसावरून घसरला आणि कोपर मोडून बसला. घाबरून त्याने चोरी कबूलही केली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली! पण लोकांना फेस दिसलाच नाही.

आधी म्हणाले, दगडाला कळतं. मग म्हणाले, दगड बघतो. वर्षभरात मी शिक्षाही करू लागलो. बॉयलरवाले आजोबा फार थकले तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "मेल्यावर याच्याच पुढ्यात उभं राहायचंय, पोरांनो." झालं! पुढचं जगही माझ्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. चोऱ्या थांबल्या, शिवीगाळ कमी झाली. माझ्या धाकाने माणसं नीट वागतात म्हणून मी फुगलो होतो.

देवावर कपडे आपटायचे नाहीत, असं ठरलं. मावशी कोपऱ्यातल्या सिमेंटच्या ओट्यावर धुऊ लागली. मला रोज तांब्याभर पाणी आणि एक फूल मिळू लागलं. घासत मात्र कुणीच नव्हतं. देवाला काथ्या कसा लावायचा? माझ्या अंगावर हिरवं शेवाळ चढलं. लोकांना त्यातही तेज दिसलं.

एके दिवशी एका गिऱ्हाइकाची लोकरीची शाल हरवली. सगळ्यांना माझ्यावर हात ठेवायला लावलं. ज्याचा हात घसरेल तो चोर, हा नियम. बाकीच्यांनी भीतभीत बोटं टेकवली. मावशीचे गुडघे दुखायचे, तिने सवयीने सगळा भार माझ्यावर टाकला. हात सटकला.

"अरे, शेवाळ आहे ते! बघा तरी!" ती ओरडत होती. कुणी वाकून पाहिलं नाही. त्याच दुपारी तिला कामावरून काढलं. जाताना ती माझ्यापाशी थांबली. "तुला मी घडवलं रे," एवढंच म्हणाली.

आठ दिवसांनी ती शाल मुकादमाला बॉयलरच्या मागे सापडली, माझ्या देखत. त्याने आधी शालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता बोललो तर देव खोटा पडेल," असं पुटपुटला आणि शाल मुकाट्याने आत घेऊन गेला. माझी अब्रू राखायला त्याने मावशीची घालवली! ज्यांना मी माझी माणसं समजत होतो, त्यांनी मला असं वापरलं.

मित्रांनो, मला देवपण नको. कुणी घसरलं तर आधी वाकून बघा, मग नावं ठेवा.

परवा मावशीची मुलगी आली. मावशी वारल्याचं मला तेव्हा कळलं. मुलीने फूल ठेवलं, हात जोडले आणि हळूच म्हणाली, "आईने शाल घेतली होती, देवा. तिकडे तिला माफ कर."

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. तिला कुणीतरी सांगा.